चोर दरवाजाने जत्रा नेऊ नका: राजगडाचे ट्रेक काढणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
राजगडावर एका दिवसाचे ट्रेक काढणारे पुण्या-मुंबईचे सर्व लीडर, को-लीडर आणि ग्रुप चालवणारी मंडळी,

स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की तुमच्या ग्रुपांवर मेसेज पडायला लागतात. माझ्या फोनवर कालपासून चार आले, चारही राजगडाचे. तारखा वेगळ्या, फी शंभर-दोनशेने मागेपुढे, मजकूर मात्र एकाच साच्यातला. 'गडांचा राजा, राजांचा गड. पायथा गुंजवणे. चोर दरवाजाचा थरार. लेव्हल सोपी ते मध्यम. पहिल्यांदा येणाऱ्यांनी बिनधास्त यावं.' शेवटी जोडलेले हात आणि एक भगवा झेंडा.

यातली 'बिनधास्त यावं' ही ओळ मीही कैक वेळा टाकलेली आहे. नऊ वर्षं मी हेच केलं. मेसेज लिहिले, पहाटे पिकअप पॉइंटला यादी घेऊन उभा राहिलो, गाडीत अंताक्षरी सुरू करून दिली, रेंगाळणाऱ्यांच्या मागे शेवटचा माणूस म्हणून चाललो. चार वर्षांपूर्वी थांबलो. तेव्हा हे पत्र घरी बसून नाकं मुरडणाऱ्याचं आहे असं समजू नका. जे लिहितोय त्यातल्या बहुतेक चुका आधी मी केलेल्या आहेत.

गडावर माणसं आणूच नका, असं माझं म्हणणं नाही. प्लास्टिक, मोठ्याने लावलेली गाणी, तटावर चढून काढलेले फोटो, यावर इतरांनी पुष्कळ लिहिलंय, त्यात मी भर घालत नाही. मला फक्त वाटेबद्दल बोलायचंय. पन्नास माणसं घेऊन आपण गुंजवण्याला उतरतो, चोर दरवाजाने चढतो आणि त्याच वाटेने परत येतो, हे कोणी ठरवलं? आणि कोणाच्या सोयीसाठी?

जे अजून एकाच वाटेने गडावर गेलेत, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. एका दिवसाच्या ट्रेकला राजगडाच्या दोन वाटा वापरात आहेत. गुंजवण्याहून निघालं की आधी झाडी लागते, मग सोंड, आणि शेवटी कातळाला बिलगून उभी चढण. तिथे लोखंडी रेलिंग लावलेत, पाय ठेवायला खोबण्या आहेत, आणि वर तटात एक लहानसा दरवाजा. वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. आत शिरून थोड्या पायऱ्या चढलं की समोर पद्मावती तळं. दुसरी वाट पाल गावाकडून, वाजेघरच्या बाजूने येते. ती रुंद आहे, वरच्या टप्प्यात पायऱ्या आहेत, आणि ती पाली दरवाजातून गडात शिरते. गुंजवण्याच्या वाटेला अडीच-तीन तास धरा. पालीनेही फार वेगळा वेळ लागत नाही, पण हात मोकळे राहतात. सगळा फरक तिथेच आहे.

आता त्या रविवारचं सांगतो.

आषाढ होता. आमची सेहेचाळीस जणांची बॅच, त्यात तीसेक जण आयुष्यात पहिल्यांदा गड चढणारे. एक काकू होत्या, पंचावन्न-छप्पन्नच्या, मुलीबरोबर आलेल्या. यादी करताना मी फोनवर विचारलं होतं, 'चालायची सवय आहे ना?' त्या म्हणाल्या, 'रोज पर्वती करते.' मी नावापुढे बरोबरची खूण केली. त्यांनी खोटं काहीच सांगितलं नव्हतं. खरोखरच त्या सोंडेपर्यंत बॅचमधल्या निम्म्या पोरांच्या पुढे होत्या.

कातळावर आलो तेव्हा धुकं इतकं दाट की चार माणसांपलीकडचं दिसत नव्हतं. रेलिंग पाण्याने निथळत होतं, खोबण्यांत लाल गाळ बसलेला. मी काकूंच्या खाली दोन माणसं सोडून होतो. त्या हात पुढे सरकवत तशा त्यांच्या बांगड्या लोखंडावर टणकन वाजत. तो आवाज थांबला म्हणून मी वर बघितलं. त्या तिथेच होत्या, दोन्ही हातांनी रेलिंग धरून, कपाळ हाताला टेकवून. बोटं पांढरी पडली होती. रडत नव्हत्या, ओरडत नव्हत्या. नुसत्या थांबल्या होत्या.

नेमकं त्याच वेळी वरून दुसरा एक ग्रुप उतरायला लागला. वीस-बावीस वर्षांची पोरं, रात्री निघून पहाटे चढलेली, आता परतीच्या घाईत. 'काकू, जरा साइड द्या ना.' तिथे साइड नावाची गोष्टच नाही. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला धुकं. आमच्या खाली आणखी दोन बसेसची रांग चढत आलेली, त्यामुळे मागेही सरकता येईना. मी शिट्टी वाजवली, ओरडलो, माझंच कोणाला ऐकू गेलं नाही. पंधरा मिनिटांचा तो टप्पा. आम्ही तिथे सव्वा तास होतो.

शेवटी हात दिला तो ताक विकायला वर चाललेल्या एका गाववाल्या मामांनी. पाठीवर कॅन, पायात झिजलेली चप्पल. ते रांगेच्या कडेकडेने, आम्ही ज्याला वाट म्हणालो नसतो अशा जागेवरून वर आले, काकूंच्या खाली पाय रोवून उभे राहिले आणि म्हणाले, 'ताई, माझ्या पायाकडं बगा. म्या ठिवीन तितं ठिवा.' एकेक पाऊल करत त्यांना वर नेलं. दरवाजातून आत घेतल्यावर माझ्याकडे वळले. 'पालीनं आणायच्या की ह्यांना. तिकडनं घोडी चढायची.' एवढं बोलून कॅन सारखा करून निघूनही गेले. त्यांनी ताकाचे पैसेसुद्धा घेतले नाहीत, म्हणजे मी द्यायला विसरलो.

पद्मावती मंदिराच्या ओट्यावर बसल्यावर काकूंनी कोणावर राग काढला नाही. फक्त एक प्रश्न विचारला, 'उतरायचं कुठून?' मंदिरासमोर सईबाईंची समाधी आहे, तिथे मी माहिती सांगायला उभा राहणार होतो. पाठ केलेलं सगळं तयार होतं: सईबाई राजगडावर वारल्या त्याचं वर्ष १६५९, राजाराम महाराजांचा जन्म इथलाच, १६७० चा. त्यातलं काही मी बोललो नाही. बालेकिल्ला रद्द केला आणि सगळ्यांना पालीने उतरवलं.

उतरताना काकू पुढे होत्या. दुसऱ्या वळणावर थांबून त्यांनी मागे पाहिलं आणि विचारलं, 'अहो, हा एवढा मोठा रस्ता होता, मग आधी का नाही दाखवलात?' माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं उत्तर असं होतं की बस गुंजवण्याला उभी होती आणि तिथल्या हॉटेलात सेहेचाळीस जेवणं सांगून ठेवली होती. त्या दिवशी पुढचे दोन तास चालकाला फोन लागत नव्हता. शेवटी गावातली एक जीप करून मी एकटा गुंजवण्याला गेलो आणि बस फिरवून आणली. जेवणं वाया गेली. पैसे मी माझ्या खिशातून भरले, हे सांगायची गरज नव्हती, पण सांगून टाकतो.

त्या मामांचं वाक्य मला नंतर बरेच दिवस पुरलं. कारण ते शब्दशः खरं आहे. पाली दरवाजाची वाट म्हणजे गडाचा राजमार्ग. पहिला दरवाजा इतका उंच-रुंद की अंबारीसकट हत्ती आत यावा, असं सांगतात. त्याच्या पुढे थोड्या अंतरावर दुसरा दरवाजा, दोन्ही बाजूंना बुरूज, आत पहारेकऱ्यांच्या देवड्या. पालख्या, घोडी, धान्याची ओझी, वकील, पाहुणे, हे सगळं वर यायचं ते अशा वाटेने. रायगडाआधी पंचवीसेक वर्षं हा गड राजधानी होता. मुरुंबदेवाच्या डोंगरावर, म्हणजे याच डोंगरावर, तटबंदी चढली तेव्हापासून इथे माणसांची ये-जा कधी थांबली नसणार. त्या ये-जेसाठी वाट बांधलेली आहे, ती ही.

आणि चोर दरवाजा कशासाठी? नावातच आहे. वेढा पडला तर चार माणसं गुपचूप बाहेर पडावीत, एखादा जासूद आत यावा, आणि शत्रू आलाच तर एका वेळी एकच यावा, तोही वाकून, म्हणजे आत उभ्या असलेल्या माणसाला सोपं जाईल. ही वाट अडचणीची आहे ती बांधणाऱ्याने ठरवून ठेवलेली आहे. गर्दी आत येऊ नये हेच त्या दरवाजाचं काम. साडेतीनशे वर्षांनंतरही तो आपलं काम चोख करतोय, दर रविवारी, आपल्यावर.

मी हे गमतीने म्हणत नाही. हिशेब करून बघा. त्या कातळावर एका माणसाला एक मिनिट धरा, तेही सगळं सुरळीत चाललं तर. रविवारी सहा बसेस आल्या, प्रत्येकीत पंचेचाळीस जण. २७० माणसं, २७० मिनिटं, म्हणजे साडेचार तास. ही फक्त चढणाऱ्यांची रांग. यातलेच लोक अकरानंतर उतरायला लागतात आणि तोवर उशिरा आलेल्या बसेसची माणसं अजून चढत असतात. एका माणसाच्या रुंदीच्या वाटेवर दोन रांगा समोरासमोर आल्या की काय होतं, ते वर सांगितलंच. यात आपापल्या गाड्यांनी आलेली कुटुंबं, सात-आठ वर्षांची पोरं, नवीन कॅमेरा घेऊन आलेले, हे कोणी धरलेले नाहीत.

मग सगळे गुंजवण्यालाच का उतरतात? मी का उतरायचो ते सांगतो. पुणे-सातारा रस्त्यावर नसरापूर फाट्याला वळायचं, मार्गासनी, साखर, गुंजवणे, हे चालकांना पाठ आहे. जेवणाची सोय चांगली आहे, पार्किंग आहे. मुंबईहून रात्री अकराला निघालेली गाडी तिथे पहाटे पोहोचते, पोरं कोणाच्या तरी ओसरीवर तासभर लवंडतात आणि चहा-पोहे घेऊन चढायला लागतात. पण खरं कारण वेगळं. 'चोर दरवाजाने चढाई' हे मेसेजात लिहिता येतं. लहानशा दरवाजातून डोकं बाहेर काढलेला फोटो येतो, मागे धुकं. पालीच्या रुंद पायऱ्यांवर असा फोटो येत नाही. पुढच्या बॅचची निम्मी नोंदणी त्या फोटोवर होते, हे तुम्हालाही माहीत आहे, मलाही.

त्या फोटोपायी आपल्या माणसांना गड किती कमी दिसतो, याचाही विचार कधी केलाय का? चोर दरवाजाने आलेला माणूस पद्मावती माचीवर पोहोचतो तो दमलेला. मंदिर, तळं, सदर, मग जमलं तर बालेकिल्ला, तिथेही परत रेलिंग आणि परत रांग. बारा वाजतात. संजीवनी माची बहुतेकांच्या नशिबात येत नाही. लीडर लांबून हात करून 'ती बघा संजीवनी' म्हणतो. मी म्हणायचो. राजगडाचं सगळ्यात अक्कलहुशारीचं बांधकाम ते. अडीचेक किलोमीटर पसरलेली माची, तीन टप्प्यांत उतरत गेलेली, बाहेरच्या तटाच्या आत दुसरा तट आणि मधून माणूस चालेल अशी नाळ. पावसाळ्यानंतर, गवत पिवळं व्हायच्या आधी, त्या दुहेरी तटातून चालत अळू दरवाजापर्यंत जावं आणि तोरणा समोर घेऊन डबा उघडावा. पालीने वर आलं की हे शक्य होतं, कारण त्या बाजूने आत आल्यावर एकीकडे पद्मावती आणि दुसरीकडे संजीवनी असते, आणि पायात अजून जीव शिल्लक असतो.

तेव्हा माझं मागणं. दोन ओळींचं आहे, पण ते सगळ्यांनी एकदम मानलं तरच उपयोग.

रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी चोर दरवाजाने फक्त चढायचं, उतरायचं पालीने. आणि ज्या बॅचमध्ये निम्म्याहून जास्त लोक पहिल्यांदा येणारे आहेत, ती बॅच चढतानाही पालीनेच न्यायची.

पहिल्या नियमाने त्या कातळावरची समोरासमोरची टक्कर संपते. तिथे खरा धोका चढणारे आणि उतरणारे एकमेकांना ओलांडतात तेव्हाच असतो. शिवाय उतरणं हे चढण्याहून वाईट, हे तुम्हाला मी सांगायला नको. चढताना खोबणी डोळ्यांसमोर असते, उतरताना ती पायाने चाचपावी लागते, आणि दुपारनंतर गुडघे थरथरत असतात. हा नियम कोणत्याही खात्याने फलक लावून आणायची वाट बघू नका. फलक लागेल तेव्हा लागेल. आपण आठ-दहा ग्रुपांनी ठरवलं तरी रविवारच्या गर्दीतला मोठा हिस्सा वळतो आणि बाकीचे आपोआप मागे येतात. सुटे आलेले लोक नेहमी मोठ्या ग्रुपाच्या मागून चालतात, हे तर आपण दर वेळी बघतो.

आता यावर तुम्ही काय म्हणाल ते मला पाठ आहे.

बस. बस फिरवायला लागते, चालक कुरकुर करतो, डिझेल जास्त जातं. खरं आहे. सकाळी गुंजवण्याला माणसं सोडायची आणि बसने मार्गासनीवरून वाजेघरकडे जाऊन थांबायचं, एवढंच काम. माणशी वीस-तीस रुपये फीमध्ये वाढवा. ज्याला चोर दरवाजाचा थरार हवाय तो वीस रुपयांसाठी अडणार नाही.

गुंजवण्याची हॉटेलं. हा मुद्दा मात्र मी हसून उडवून देत नाही. दुपारचं पिठलं-भाकरी, ठेचा, दही हे त्या घरांचं वर्षाचं उत्पन्न आहे आणि त्यातली काही माणसं आपल्याला रात्री-अपरात्री स्ट्रेचर धरायला धावून आलेली आहेत. त्यांना तोडायचं नाही. चढणारी बॅच गुंजवण्याहून निघणारच आहे, तर तिथली न्याहारी चहा-पोह्यांवर न भागवता पोटभर करा, पुढचा डबा तिथूनच बांधून घ्या. आणि पालीच्या बाजूलाही घरं आहेत, त्यांनी कधी पन्नास ताटांची ऑर्डर पाहिलेली नसेल. आठवडाभर आधी जाऊन बोला. मी परवा जाऊन बोलून आलोय, एका घरी तर आजींनी लगेच विचारलं, 'नाचणीची करू का तांदळाची?'

थरार. 'लोक त्यासाठीच येतात, पालीने नेलं तर पैसे परत मागतील.' ज्यांना खरोखर कातळ चढायचाय त्यांच्यासाठी वेगळी छोटी बॅच काढा, पंधरा जणांची, शनिवारी किंवा आठवड्याच्या मधल्या वारी, सात वाजायच्या आत कातळ ओलांडणारी. अशा सकाळी तो दरवाजा काय सुंदर वाटतो ते बघा एकदा. तटाच्या सावलीत थंडगार दगड, आत शिरताना डोकं आपोआप खाली जातं आणि वर आलं की तळ्यावरचं पहिलं ऊन. रविवारी साडेनऊला तो दरवाजा म्हणजे लोकलचा दरवाजा होतो.

वाट माणूस बघून निवडायची, तशी ऋतू बघूनही. जून ते सप्टेंबर ओल्या कातळावर नवख्यांना नेऊच नये, माझं हे मत आता बदलणार नाही. ऑक्टोबर ते फेब्रुवारी दोन्ही वाटा उत्तम. मार्चनंतर दोन्ही बाजूंना ऊन भाजून काढतं, मग पहाटे अंधारात निघून दहाच्या आत वर पोहोचणं हाच उपाय, आणि माणशी तीन लिटर पाणी. उन्हाळ्यात सुवेळा माचीच्या नेढ्याकडे, म्हणजे कातळातल्या आरपार भोकाकडे, नेताना आधी मधमाश्यांची पोळी बघून घ्या. डिओ, अत्तर, सिगारेटचा धूर, किंचाळणं, यांनी तिथे काय होऊ शकतं ते ज्यांनी पाहिलंय ते परत विसरत नाहीत.

बाकीच्या वाटांचं. सुवेळेकडच्या गुंजवणे दरवाजाची जुनी वाट अवघड आहे, माहितगार बरोबर असल्याशिवाय तिकडे फिरकू नये. अळू दरवाजाची वाट भुतोंड्याकडून येते, कमी वापरातली, सुंदर, पण तीही गावातला माणूस घेऊनच करावी. 'राजगड-तोरणा एका दिवसात' हा नवा प्रकार मी अलीकडे मेसेजांत बघतोय, त्याच्याखालीही 'सोपी ते मध्यम'. ज्याने ही ओळ लिहिली त्याने अळू दरवाजातून उतरून, ती सगळी धार तुडवून तोरण्याच्या बुधला माचीवर स्वतः एकदा मे महिन्यात यावं, मग काय लिहायचं ते ठरवावं.

'सोपी ते मध्यम' या शब्दांवर माझा विशेष राग आहे, कारण त्यांना काही अर्थच नाही. त्याऐवजी चार साध्या गोष्टी लिहा. कोणत्या गावातून चढणार, कोणत्या गावात उतरणार, वाटेत दोन्ही हात लागतील अशी जागा आहे का, आणि ती जागा चुकवून वर जाता येतं का. काकूंना हे कोणी लिहून दिलं असतं तर त्यांनी स्वतःच पाली निवडली असती. त्यांना पर्वतीच्या पायऱ्या माहीत होत्या, कातळ माहीत नव्हता. 'चालायची सवय आहे का' हा प्रश्न मीच चुकीचा विचारला होता. 'गच्चीच्या लोखंडी शिडीवरून चढता-उतरता का' असं विचारायला हवं होतं.

ही गोष्ट एकट्या राजगडाची नाही, हे कबूल. कळसूबाईला बारीच्या वाटेवर शिड्यांपाशी तेच होतं आणि इंदोऱ्याची वाट मोकळी पडते. हरिश्चंद्रगडाला पाचनईने तीन तासांत निवांत जाता येत असताना कोणीतरी नवख्यांना अवघड नळीच्या वाटेची स्वप्नं दाखवत असतो. पण राजगडाचं वेगळं आहे, कारण इथे निवड आपल्यावर सोडलेलीच नाही. कोणती वाट कशासाठी, हे गड बांधणाऱ्यांनी दगडात करून ठेवलंय.

आणि घाई का करायची तेही सांगतो. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्य म्हणून जे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात राजगड आहे. अकरा महाराष्ट्रातले आणि बारावी तमिळनाडूतली जिंजी. आनंद झालाच, मीही पेढे वाटले. पण आता जो माणूस आजवर सिंहगडापुढे गेला नव्हता तोही विचारतोय, 'तो युनेस्कोवाला राजगड, तिथे कधी नेताय?' तो येणार, कुटुंब घेऊन येणार, आणि तुम्हालाच फोन करणार. त्याला गुंजवण्याला उतरवायचं की वाजेघरला, हे तुमच्या हातात आहे.

या पावसाळ्यातला पहिला रविवार मी पालीला असेन. कुठल्या ग्रुपचा म्हणून नाही. सकाळी साडेसहा ते नऊ वाटेच्या सुरुवातीला उभा राहीन, कोण आलं, कोणत्या वयाचे किती, कुठून उतरले, ते वहीत लिहीन. दुसरा एक जुना मित्र गुंजवण्याला तेच करेल. तुमच्यापैकी कोणाला यायचं असेल तर या, बसून बोलू. वाद घालायचा असेल तरीही या, चहा माझ्याकडून.

आपला,
एक माजी लीडर, पुणे

ता. क. बस फिरवायची ठरवलीत तर चालकाला आदल्या रात्रीच सांगा आणि दोन्ही गावांतल्या एकेका घरचा फोन नंबर त्याच्याकडे लिहून ठेवा. गडावर आणि पायथ्याला रेंजचा भरवसा नाही. आणि ताकवाले मामा भेटले तर माझ्या वतीने त्यांचे सहा ग्लासांचे पैसे द्या. मी तीनदा गेलो, तिन्ही वेळा ते नेमके दुसऱ्या वाटेने वर गेलेले.